हिमगौरीच्या सख्ख्या आईला सावत्र कुणी केलं? मुलांच्या गोष्टींवर ४५ वर्षं कात्री चालवणाऱ्या विल्हेल्म ग्रिमची गोष्ट

हिमगौरी आणि सात बुटक्यांची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. बोलणारा आरसा, विषारी सफरचंद आणि हिमगौरीच्या जिवावर उठलेली सावत्र आई. हॅन्सेल आणि ग्रेटेलची गोष्टही माहिती असेल. घरात खायला नाही म्हणून दोन पोरांना जंगलात सोडून यायचा बेत करणारी बाई तिथंही सावत्र आईच आहे.

पण ग्रिम बंधूंच्या पुस्तकाची १८१२ ची पहिली आवृत्ती उघडली, तर या दोन्ही गोष्टींत सावत्र आई सापडत नाही. हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची जन्मदाती आई. हॅन्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडायला सांगते तीही सख्खीच.

मग या आया सावत्र झाल्या कधी? आणि त्याच पुस्तकातली अशी कुठली गोष्ट होती, जी एकदाच छापली गेली आणि पुढच्या आवृत्तीतून कायमची काढून टाकली गेली?

या सगळ्यामागं एक माणूस होता. विल्हेल्म ग्रिम, ग्रिम बंधूंमधला धाकटा. आज हिंसा, मृत्यू, अत्याचार असलेली कादंबरी कुठल्या वयाच्या मुलांच्या हातात द्यावी यावर पालक, शिक्षक आणि ग्रंथपाल भांडत असतात. हेच भांडण २०० वर्षांपूर्वी विल्हेल्मच्या दारात येऊन उभं राहिलं होतं. पुढची जवळपास ४५ वर्षं तो त्याचं उत्तर शोधत राहिला.

वडील गेले आणि घर सुटलं

विल्हेल्मचा जन्म २४ फेब्रुवारी १७८६ चा. गाव हानाऊ, आजच्या जर्मनीतल्या हेसे राज्यातलं. थोरला भाऊ याकोब त्याच्याहून वर्षभरानं मोठा. आईवडिलांना एकूण नऊ मुलं झाली, त्यातली सहा जगली. वडील कायदा शिकलेले. १७९१ साली त्यांना स्टाइनाऊ गावात मोठी सरकारी नोकरी मिळाली आणि कुटुंब तिकडं गेलं. प्रशस्त घर, आजूबाजूला शेतं, मान. सगळं छान चाललं होतं.

१७९६ च्या जानेवारीत वडील न्यूमोनियानं गेले. वय अवघं ४४. नोकरीबरोबर सरकारी घरही गेलं. पदरात सहा मुलं आणि थोरला याकोब तेव्हा ११ वर्षांचा. आईची बहीण कासेलच्या राजघराण्यात चाकरीला होती, तिनं हात दिला. १७९८ मध्ये याकोब आणि विल्हेल्म शिकायला मावशीकडं कासेलला आले. घरापासून लांब आलेली ही दोन पोरं एकमेकांच्या आधारानं वाढली आणि पुढं आयुष्यभर एकाच छताखाली राहिली, अधूनमधूनचे काही महिने सोडले तर.

दोघांनीही मार्बुर्ग विद्यापीठात कायद्याचा अभ्यास केला. तिथं त्यांना फ्रीडरिश कार्ल फॉन साविनी नावाचे तरुण प्राध्यापक भेटले. साविनींच्या घरी जुन्या पुस्तकांचा मोठा संग्रह होता. कायद्यापेक्षा त्या पुस्तकांनीच दोघा भावांना जास्त ओढून घेतलं. जुनी जर्मन भाषा, जुन्या कविता, लोकांच्या तोंडी असलेल्या कथा यांचं वेड तिथून लागलं.

विल्हेल्मची तब्येत मात्र नाजूक. दमा होता, हृदयाचा त्रास होता. १८०८ मध्ये आई गेली. पुढच्या वर्षी विल्हेल्मला उपचारासाठी हाले शहरात काही महिने काढावे लागले. त्या काळात कासेलवर राज्य होतं नेपोलियनचा भाऊ जेरोम बोनापार्ट याचं. याकोब त्याच्याच ग्रंथालयात नोकरी करून सगळ्या भावंडांचं घर चालवत होता. डोक्यावर परकी सत्ता असताना आपल्या भाषेतलं जुनं धन हरवू नये, ही ओढ त्या पिढीत होती. कथा गोळा करण्यामागं तीच होती.

गोष्टी सांगणाऱ्या मुली

ग्रिम बंधू खेडोपाडी फिरले, शेतकरी म्हाताऱ्यांच्या पायाशी बसले आणि गोष्टी लिहून घेतल्या, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात बहुतेक गोष्टी त्यांना घरबसल्या मिळाल्या. कासेलमध्ये विल्ड नावाचं कुटुंब शेजारी राहायचं, त्यांचं औषधांचं दुकान होतं. हासेनफ्लुग नावाचं आणखी एक सुशिक्षित कुटुंब होतं. या दोन्ही घरांतल्या मुलींनी पहिल्या खंडातल्या कितीतरी गोष्टी सांगितल्या. दुसऱ्या खंडाच्या वेळी डोरोथेया फीमान नावाची एका शिंप्याची बायको मदतीला आली. ती भाजीपाला विकायला शहरात यायची आणि जाताना गोष्टी सांगून जायची.

इथं एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. विल्ड आणि हासेनफ्लुग घरांतल्या या मुलींपैकी बऱ्याचजणी विशीच्या आगेमागे होत्या. विल्ड घरातली डॉर्टशेन तर विशीतही पोचली नव्हती. खून, उपासमार, नरभक्षक चेटकिणी, हात तोडलेल्या पोरी असलं सगळं असलेल्या या गोष्टी त्यांना पाठ होत्या. आज ज्या वयाच्या वाचकांना हे झेपेल का म्हणून आपण काळजी करतो, जवळपास त्याच वयाच्या मुली तेव्हा या गोष्टी सांगत होत्या.

१८१२ च्या नाताळच्या तोंडावर बर्लिनमध्ये पहिला खंड छापून आला. नाव होतं मुलांच्या आणि घरातल्या कथा. ८६ गोष्टी, ९०० प्रती. आत एकही चित्र नाही. मागं मात्र अभ्यासकांसाठी टिपांचा ढीग. आणि अर्पणपत्रिकेत नाव होतं आखिम आणि बेटिना फॉन आर्निम या मित्रदांपत्याच्या बाळाचं, जे तेव्हा वर्षाचंही नव्हतं.

म्हणजे पुस्तकाच्या नावात मुलं, अर्पण एका तान्ह्या बाळाला, पण आतला मजकूर आणि टिपा पंडितांसाठी. हे पुस्तक नेमकं कुणाचं, हे छापणाऱ्यांनाही पुरतं ठरवता आलं नव्हतं. भांडण इथूनच सुरू झालं.

एका आईची तक्रार

पहिल्या खंडात २२ व्या क्रमांकावर एक छोटीशी गोष्ट होती. काही मुलं खाटीक-खाटीक खेळतात, तिची. तिचे दोन भाग होते.

पहिल्या भागात पाच-सहा वर्षांची पोरं खेळत असतात. एकजण खाटीक होतो, एकजण स्वयंपाकी, एकजण डुक्कर. खेळता खेळता खाटीक झालेला मुलगा डुक्कर झालेल्या मुलाला खरोखरच मारतो. गावचे पंच जमतात. एवढ्याशा पोराला शिक्षा काय करायची? एक शहाणा म्हातारा सुचवतो, एका हातात सफरचंद धरा आणि दुसऱ्या हातात नाणं. पोरानं नाणं घेतलं तर त्याला कळतं असं समजून शिक्षा द्या, सफरचंद घेतलं तर सोडून द्या. पोरगं हसत सफरचंद उचलतं आणि सुटतं.

दुसरा भाग याहून भयंकर. डुक्कर कापणाऱ्या बापाची नक्कल करताना एक भाऊ दुसऱ्या भावाला मारतो. आई वरच्या मजल्यावर बाळाला अंघोळ घालत असते. किंकाळी ऐकून ती खाली धावते आणि संतापाच्या भरात तोच सुरा मारणाऱ्या पोरावर चालवते. वर येऊन बघते तर बाळ पाण्यात बुडालेलं. ती गळफास घेते. घरी आलेला बाप हे सगळं बघून खचतो आणि थोड्याच दिवसांत मरतो. गोष्ट संपली. ना बोध, ना दिलासा.

पुस्तक बाहेर पडून काही आठवडे होत नाहीत तोच आखिम फॉन आर्निमचं पत्र आलं. तोच आर्निम, ज्याच्या बाळाला पुस्तक अर्पण केलं होतं. त्यानं कळवलं की एका आईनं तक्रार केली आहे, या खाटकाच्या गोष्टीमुळं तिला हे पुस्तक आपल्या मुलांच्या हाती देता येत नाही. आर्निमनं उपायही सुचवला. पुस्तकाच्या नावाखालीच लिहायला हवं होतं की हे आईवडिलांसाठी आहे, त्यांनी आपल्या निवडीनं मुलांना सांगावं. आज पुस्तकांवर आणि वेब सिरीजवर वयाची सूचना असते, त्याचाच हा २०० वर्षं जुना अवतार म्हणायला हरकत नाही.

दोघा भावांची उत्तरं वेगवेगळी होती. याकोबचं म्हणणं असं की हे पुस्तक मुळात मुलांसाठी लिहिलेलंच नाही, मुलांना आवडलं तर आनंदच आहे. तो अभ्यासक होता. त्याला लोकांच्या तोंडची गोष्ट जशी आहे तशी जपायची होती.

विल्हेल्मचं उत्तर जास्त घरगुती होतं. ही खाटकाची गोष्ट आपण लहानपणी आईच्याच तोंडून ऐकली, असं त्यानं कळवलं. ऐकून आपण बिघडलो नाही, उलट खेळताना जपून वागायला शिकलो, असा त्याचा अनुभव होता.

विल्हेल्मचा मुद्दा काय होता?

१८१५ मध्ये दुसरा खंड आला, आणखी ७० गोष्टी घेऊन. त्याच्या प्रस्तावनेत या टीकेला उत्तर दिलेलं आहे. त्यातला युक्तिवाद आजच्या चर्चेतही जसाच्या तसा चालेल.

पहिला मुद्दा असा की मुलांपासून सगळं लपवायचं म्हटलं तर बायबलही लपवावं लागेल, कारण त्यातही खून आणि पाप आहेच. दुसरा मुद्दा पावसाचा. पाऊस आणि दव सगळ्यांसाठीच पडतं. एखाद्याचं रोप नाजूक असेल तर त्यानं ते घरात ठेवून बेतानं पाणी घालावं, पण त्यासाठी पाऊसच थांबवा म्हणू नये. थोडक्यात, ज्या आईवडिलांना आपलं मूल नाजूक वाटतं त्यांनी निवड करावी, पण सगळ्यांसाठी गोष्टच बंद करू नये.

हे वाचताना आपल्याकडची एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. श्रियाळ राजा, चांगुणा आणि चिलया बाळ. अतिथीच्या हट्टापायी आईबाप पोटच्या पोराला मारून त्याचं जेवण रांधतात, ही गोष्ट मराठी घरांत आज्यांनी नातवंडांना मांडीवर घेऊन सांगितली आहे. ग्रिम बंधूंच्या संग्रहातही अशीच एक गोष्ट आहे. त्यात सावत्र आई पोराला मारून त्याचं जेवण नकळत बापाला वाढते. चिलया शेवटी जिवंत परत येतो, ते पोरही येतं. शेवटच्या आवृत्तीपर्यंत ती गोष्ट पुस्तकात टिकली. खाटकाची गोष्ट मात्र टिकली नाही. तिच्यात कुणीच परत येत नव्हतं.

त्याच्या काही वर्षं आधी इंग्लंडमध्ये साराह ट्रिमर नावाची लेखिका मुलांच्या पुस्तकांची परीक्षणं करणारं नियतकालिक चालवत होती. तिनं वाचकांचे सरळ दोन गट पाडले होते. १४ वर्षांपर्यंतची मुलं, आणि १४ ते २१ वर्षांची तरुण मंडळी. परीकथांना तिचा विरोध होता. म्हणजे एकीकडं वयाची रेघ मारणारी ट्रिमर आणि दुसरीकडं आपल्या मुलाला ओळखा आणि तुम्हीच ठरवा म्हणणारा विल्हेल्म. आजचे दोन पक्ष तेव्हाही होतेच.

आणि मग कात्री चालली

एवढं ठामपणे बोलणारा विल्हेल्म पुढं काय करतो? १८१९ साली दुसरी आवृत्ती निघाली. याकोब तोवर जर्मन व्याकरणाच्या अवाढव्य कामात बुडाला होता, त्यामुळं गोष्टींची जबाबदारी मुख्यतः विल्हेल्मवर आली. या आवृत्तीत खाटकाची गोष्ट नव्हती. तिच्याबरोबर आणखीही बऱ्याच गोष्टी गळल्या. मुलांच्या वयाला न शोभणारे शब्द आपण काळजीपूर्वक काढले आहेत, हेही प्रस्तावनेत सांगून टाकलं.

हिमगौरीची आई याच आवृत्तीत सावत्र झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या आईला मात्र सावत्र व्हायला १८४० ची चौथी आवृत्ती उजाडावी लागली. जन्म देणारी आई पोरांचा जीव घेऊ शकते, हे मुलांना सांगायला विल्हेल्मचं मन तयार झालं नाही, असाच याचा अर्थ लावला जातो. आईच्या तोंडून गोष्टी ऐकलेल्या आणि विशीतच आई गमावलेल्या माणसाला ते जड गेलं असेल तर नवल नाही.

मनोऱ्यात कोंडलेल्या रॅपन्झेलची गोष्टही बदलली. पहिल्या आवृत्तीत ती भाबडेपणानं विचारते की आपले कपडे अचानक घट्ट का होऊ लागलेत, आणि तिला दिवस गेलेत हे वाचकाला कळतं. पुढच्या आवृत्त्यांत हा प्रश्न गेला. त्याऐवजी ती चेटकिणीला विचारते की राजपुत्रापेक्षा तुला वर ओढायला इतकं जड का जातं.

इथपर्यंत समजण्यासारखं आहे. पण विल्हेल्मच्या कात्रीची दुसरी बाजू बघा. सिंड्रेलाच्या सावत्र बहिणींचे डोळे कबुतरं टोचून काढतात, हा प्रसंग १८१२ मध्ये नव्हता. तो १८१९ मध्ये आला. म्हणजे एका बाजूला गरोदरपण पुसलं जात होतं आणि दुसऱ्या बाजूला दुष्टांना मिळणारी शिक्षा आणखी रक्तरंजित होत होती. मुलांना शरीराविषयी कळलेलं चालणार नाही, पण पाप्याचे डोळे फुटलेले चालतील, असा तो हिशोब होता.

एकाच पुस्तकाची दोन पुस्तकं

या पेचातून विल्हेल्मनं शेवटी जो मार्ग काढला तो प्रकाशकी डोक्याचा होता. १८२३ मध्ये लंडनला या गोष्टींची निवडक इंग्रजी आवृत्ती निघाली, त्यात जॉर्ज क्रुकशँकची मजेदार चित्रं होती. ती चांगली चालली. मग १८२५ च्या नाताळला विल्हेल्मनं जर्मनमध्येही एक छोटी आवृत्ती काढली. फक्त ५० गोष्टी, टिपा नाहीत आणि धाकटा भाऊ लुडविग एमिल यानं काढलेली सात चित्रं. मोठी आवृत्ती अभ्यासकांना आणि मोठ्यांना, छोटी मुलांना.

ग्रिम बंधूंचं नाव घरोघरी पोचवलं ते मुख्यतः या छोट्या पुस्तकानं. विल्हेल्मच्या हयातीत त्याच्या दहा आवृत्त्या निघाल्या. आर्निमनं सुचवलेली निवड शेवटी अशी प्रत्यक्षात आली.

पण या ५० गोष्टी निवडताना विल्हेल्मची नजर एका जागी साफ चुकली. काट्यांमध्ये अडकलेल्या ज्यू माणसाची एक गोष्ट आहे. त्यात एका ज्यूला काट्यांत नाचवून त्याचे हाल केले जातात, शेवटी त्याला फाशी होते आणि वाचकानं यावर हसावं अशी अपेक्षा आहे. ही गोष्ट त्यानं मुलांच्या छोट्या आवृत्तीत घेतली. खाटकाची गोष्ट मुलांना घाबरवते म्हणून बाहेर गेली. ही गोष्ट मुलांना घाबरवत नव्हती, फक्त एका समाजाचा तिरस्कार करायला शिकवत होती, म्हणून ती आत राहिली. पुढं नाझी राजवटीत ज्यूद्वेषाच्या प्रचारासाठी तिचा वापर झाला.

कुठलं पुस्तक घातक, हे ठरवताना आपण भीती आणि लाज मोजतो. द्वेष मोजायचा राहून जातो. विल्हेल्मच्या निवडीतून मिळणारा सगळ्यात कडू धडा हाच आहे.

संसार, नोकरी आणि राजाशी पंगा

१८२५ हे वर्ष विल्हेल्मसाठी आणखी एका कारणानं महत्त्वाचं. त्या वर्षी मे महिन्यात त्यानं लग्न केलं ते डॉर्टशेन विल्डशी. तीच शेजारची मुलगी, जिनं त्याला गोष्टी सांगितल्या होत्या. याकोब अविवाहित राहिला आणि त्यांच्याच घरी राहिला. पहिलं मूल जन्मलं त्याच वर्षी गेलं. नंतर हेर्मान, रुडोल्फ आणि ऑगस्टे अशी तीन मुलं झाली. मुलांच्या गोष्टींवर काम करणाऱ्या माणसाच्या घरात आता मुलं वावरू लागली.

दोघे भाऊ गॉटिंगेन विद्यापीठात गेले. १८३७ मध्ये हॅनोव्हरच्या नव्या राजानं संविधान रद्द केलं तेव्हा सात प्राध्यापकांनी जाहीर विरोध केला. त्यात हे दोघे होते. सातही जणांची नोकरी गेली, याकोबला तर राज्य सोडायला लावलं. १८४० मध्ये प्रशियाच्या राजानं त्यांना बर्लिनला बोलावलं आणि घडी पुन्हा बसली. तोवर जर्मन भाषेच्या प्रचंड शब्दकोशाचं काम सुरू झालं होतं. विल्हेल्मच्या वाट्याला डी हे अक्षर आलं. अशा कामातही गोष्टींची प्रत त्याच्या हाताशी असायचीच. दोघा भावांच्या कासेलमधल्या त्या खुणा केलेल्या प्रती २००५ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत गेल्या.

१८५७ मध्ये सातवी आवृत्ती निघाली. त्याच्या हातची ही शेवटची. गोष्टींची संख्या २०० च्या वर गेली होती. आज आपण ग्रिमच्या परीकथा म्हणून वाचतो ते बहुतेक याच आवृत्तीचं रूप.

१८५९ मध्ये मुलगा हेर्मान याचं लग्न झालं. मुलगी कोण? गीझेला फॉन आर्निम. ज्या आर्निमनं एका आईची तक्रार विल्हेल्मपर्यंत पोचवली, त्याचीच लेक. आर्निमला जाऊन तेव्हा २८ वर्षं झाली होती. लग्नानंतर काही आठवड्यांतच, १६ डिसेंबर १८५९ रोजी, विल्हेल्म बर्लिनमध्ये वारला. चार वर्षांनी याकोबही गेला. दोघांच्या कबरी बर्लिनमध्ये शेजारी शेजारी आहेत.

मग आपण यातून काय घ्यायचं?

कुठला वाचक तयार आहे याचं सरळ उत्तर विल्हेल्मला ४५ वर्षांत सापडलं नाही. वय विचारून ते कळत नाही, हे त्याला माहिती होतं. म्हणून त्यानं निवड आधी आईवडिलांवर सोडली, आणि ते पुरेसं नाही हे दिसल्यावर दोन वेगळी पुस्तकं केली.

पण त्याच्या पहिल्या उत्तरात एक गोष्ट दडलेली आहे. खाटकाची ती भयंकर गोष्ट त्यानं एकट्यानं पुस्तकात वाचली नव्हती. आईनं सांगितली होती. घाबरलेल्या पोराला प्रश्न विचारता येईल असं माणूस समोर बसलेलं होतं. छापील पुस्तकाला ती सोय नसते. तक्रार करणाऱ्या आईचंही चुकत नव्हतं आणि विल्हेल्मचंही नाही. दोघं दोन वेगळ्या परिस्थितींबद्दल बोलत होते.

तेव्हा घरातल्या १३-१४ वर्षांच्या मुलीच्या हातात एखादी अंगावर येणारी कादंबरी दिसली, तर ती हिसकावून घेण्याआधी दोन गोष्टी बघा. हे पुस्तक तिला फक्त घाबरवतंय की कुणाचा तिरस्कार करायला शिकवतंय? आणि वाचून झाल्यावर त्याबद्दल बोलायला तिच्यासमोर कुणी बसणार आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं असेल, तर ते पुस्तक आधी तुम्ही वाचायला घ्या.